अकरावं नाव

माझी सगळी नोकरी हद्दी आखण्यात गेली. फिलिपिन्सच्या डोंगरांतल्या बोंतोकच्या प्रांत-कचेरीत अडतीस वर्षं मी नकाशे काढले आणि तेवढ्या काळात माझ्या गावच्या आपो सागमायोचं, म्हणजे सागमायो आजोबाचं, शेत दोनदा इकडचं तिकडे केलं. एकदा सरकारी हुकमानं, एकदा शाई सांडली म्हणून. दोन्ही वेळा म्हातारा घरी स्वस्थ झोपलेला होता. सांगितलं तेव्हा म्हणाला, "नेलंस तर नेलंस, तेलेस्फोरो. फक्त जागेवर ठेव म्हणजे झालं."

त्याचंही चूक नव्हतं. आमच्या डोंगरांना कागदी हद्दींची सवय होती. स्पॅनिश आले, त्यांनी किनाऱ्यावर बसून आमच्यावर रेघा मारल्या आणि त्या बघायला जेवढे वर आले त्याहून कमी परत गेले. मग अमेरिकन आले. त्यांनी सात तुकडे जोडून एक मोठा डोंगरी प्रांत केला. बारा वर्षांनी त्यातले दोन तुकडे पुसून टाकले आणि काही गावं खालच्या सपाटीवरच्या लोकांना देऊन टाकली, जशी लग्नात उरलेली भांडी वाटतात. सहासष्टच्या जूनमध्ये राजधानीतून पत्र आलं आणि एका प्रांताचे चार झाले. मी सकाळी एका प्रांताचा नकाशा घेऊन बसलो होतो, जेवून आलो तर उरलेला पाव प्रांत माझ्या टेबलावर. पंचाण्णवला पलीकडच्याचेही दोन झाले. दर वेळी रस्त्यावर नवी कमान, नव्या छापाचे कागद, नवा गव्हर्नर. नवा गडी, नवं राज्य.

या गडबडीत आमचं फाग्योन एका प्रांतात राहिलं आणि डोंगराच्या धारेपलीकडचं दालुपान दुसऱ्यात गेलं. पण फाग्योन आणि दालुपान यांच्यामधली हद्द कोणी हलवू शकलं नाही, कारण ती कागदावर नव्हतीच. ती तोंडात होती.

म्हणजे असं. दोन्ही गावांत पणज्या-खापरपणज्यांपासूनचा करार आहे, बोदोंग. त्याआधी आम्ही एकमेकांची डोकी कापत होतो. आता एकमेकांच्या मुली करतो. कराराला दोन्हीकडे एकेक धारक असतो. आपल्या गावच्या माणसानं पलीकडच्याला इजा केली, तर धारकानं आपल्याच माणसाला शिक्षा करायची. मोठ्या मानाचं काम आहे, त्यामुळे ते कोणालाच नको असतं. करार मोडला आणि पुन्हा सांधायचा झाला, की आमच्या धारकानं दोन्ही गावांसमोर उभं राहून हद्दीची सतरा नावं म्हणायची, धारेपासून नदीपर्यंत: ही शिळा, ते झाड, ती घळ. प्रत्येक नावाला दालुपानच्या धारकानं तांदळाच्या दारूची एक वाटी रिकामी करायची आणि म्हणायचं, "ऐकलं." जे नाव उच्चारलं ते आमचं. जे राहिलं ते त्यांचं. वाटी संपून "ऐकलं" होईपर्यंत म्हणणाऱ्यानं स्वतः सुधारलं तर चालतं. आणि बोलणारं तोंड एकच. मागून कोणी आठवण करून दिली तर म्हणणं रद्द, करारही रद्द. नियम कडक आहे, पण नसता तर प्रत्येक पाहुण्यानं दोन-दोन नावं वाढवली असती आणि एव्हाना आम्ही समुद्राला टेकलो असतो.

अकरावं नाव लोयान. लोयान म्हणजे झरा. फाग्योनच्या खालच्या अंगाच्या सगळ्या भातखाचरांना पाणी तिथूनच येतं.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत आमच्या गावातल्या एका तरुणानं बोंतोकच्या एका खाणावळीत दालुपानच्या माणसाच्या दंडात सुरी खुपसली. कारण गंभीर होतं: गाण्याच्या यंत्राचा माइक. दालुपानचा माणूस सलग चौथं गाणं म्हणत होता. तो वाचला, पण करार मेला. दोन्ही गावांनी एकमेकांच्या वाटा सोडल्या, तिकडे दिलेल्या आमच्या पोरींनी माहेरी येणं थांबवलं. दुखावलेल्याच्या घरी आम्ही रेडा पोचवला, डुकरं पोचवली, आणि एप्रिलमधला दिवस ठरला. आमचा धारक आपो सागमायो, त्यानं सतरा नावं म्हणायची.

आपो तेव्हा ब्याऐंशीचा होता. दोन वर्षांपासून तो आपल्या मुलीला, क्रिसांताला, मेलेल्या बायकोच्या नावानं हाक मारत होता. एकदा खारवलेल्या मांसाला त्यानं दोन वेळा मीठ लावलं, आणि ते आम्ही सगळ्यांनी तोंड वाकडं न करता खाल्लं. पण नावं? नावं म्हणताना तो कधी अडला नव्हता. कधी नव्हता म्हणजे शेवटचं म्हणून त्याला एकवीस वर्षं झाली होती.

क्रिसांता माझ्याकडे आली. पन्नाशीची, विधवा, खालच्या अंगाची सात खाचरं कसणारी बाई. दारातच उभी राहिली. मला ती मनोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणते; बापाला आमा.

"मनोंग, नावं लिहून देता?"

"तुझा आमा मला कुऱ्हाड घेऊन शोधत येईल."

"त्याला दाखवणार नाही. काल नावं म्हणायला लागला आणि घळीपाशी थांबला. म्हणाला, पुढे काय गं, फेलिसा? फेलिसा म्हणजे माझी आई."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मला क्रम कुठे येतो? बायकांना कोणी शिकवला?"

मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. निवृत्त माणसाला कोणी काही लिहून मागितलं की त्याच्या हाताला पालवी फुटते. मी पेटीतून सहासष्टच्या सर्व्हेच्या दोन्ही नकाशांच्या प्रती काढल्या, चष्मा पुसला, आणि धारेपासून नदीपर्यंत बोट फिरवत एकेक नाव सुबक अक्षरात उतरवलं. शेवटी खाली रेघसुद्धा मारली. मोजली मात्र नाहीत. अडतीस वर्षं मोजण्याचं काम केलेल्या माणसाला फुकटात मोजावंसं वाटत नाही.

म्हाताऱ्याला कागदाची घृणा होती, म्हणून क्रिसांतानं युक्ती केली. सकाळी भात कांडताना ती उखळाच्या ठेक्यावर ती नावं गुणगुणायची, कागद कण्यांच्या टोपलीत ठेवून. आपो ओसरीवर सुपारी चघळत ऐकायचा. चार दिवसांनी तो बरोबर म्हणू लागला. आठ दिवसांनी तिच्या पुढे म्हणू लागला. वाटेत मला भेटला तर म्हणाला, "पोरगी नावं गुणगुणते आजकाल. चुकते अधूनमधून. मी दुरुस्त करतो."

"बरं करता, आपो."

"तू आपला शाई सांड."

ठरल्या दिवशी दालुपानची दीडशे माणसं धार उतरून आली. पुढे गुनायोन, त्यांची धारक. साठीची, रुंद हाडाची बाई; करार तिला बापाकडून आला होता. एकवीस वर्षांपूर्वी तिनंच आपोसमोर सतरा वाट्या रिकाम्या केल्या होत्या आणि तरीही स्वतःच्या पायांनी घरी गेली होती, ही गोष्ट दोन्ही गावांत अजून आदरानं सांगतात. ती आल्या आल्या आपोच्या शेजारी बसली.

"आपो, दात किती उरले?"

"नावं म्हणायला पुरतील एवढे. तुझं पोट कसं आहे? सतरा झेपतील?"

"तुमचा श्वास आधी संपेल."

माणसं हसली. काशाच्या थाळ्यांचे ठोके थांबले. आपो उभा राहिला, आणि उभा राहिल्यावर तो ब्याऐंशीचा राहिला नाही. आवाज धारेवर आपटून परत येत होता. पातोक शिळा. "ऐकलं." वीज पडलेला पाइन. "ऐकलं." रानडुकराची घळ. मी मागे बसून मनात म्हणत होतो आणि स्वतःच्या अक्षराचा मला अभिमान वाटत होता. दहावं, बाळंतिणीची कपार. गुनायोननं वाटी उचलली.

आणि आपो म्हणाला, "तीन दगडांची चूल."

ती बारावी होती.

कपार आणि चूल. माझ्या कागदावरही कपारीनंतर चूलच होती. लोयान त्यावर नव्हताच. आणि तो का नव्हता, हेही मला त्याच क्षणी आठवलं. सहासष्टचा सर्व्हे दोन कागदांवर झाला. एक मी बोंतोकमध्ये काढला, एक पलीकडच्या कचेरीतल्या माणसानं. माझा कागद कपारीपाशी संपला, त्याचा चुलीपासून सुरू झाला. मधली बोटभर जमीन कोणत्याच कागदावर आली नाही. मला तेव्हाच ते दिसलं होतं. पण हुकूम चार वाजेपर्यंत काम संपवण्याचा होता, म्हणून मी दुरुस्ती केली नाही, विनोद केला. सगळ्या फिलिपिन्समध्ये हा एकच स्वतंत्र मुलूख आहे, इथे कर नाही आणि गव्हर्नरही नाही. कचेरी खूप हसली. मी पुढची पंधरा वर्षं तो विनोद सांगत होतो. मग विनोदही विसरलो.

गुनायोननं कपारीची वाटी ओठाला लावलेली होती. तिनं चुलीचं नाव ऐकलं आणि वाटी तशीच ओठाला राहिली. ती प्यायली नाही. मग एक घोट घेतला. थांबली. दुसरा घोट. ती आपोकडे बघत होती, आणि आपो तिच्याकडे. कपाळावर आठी नाही, काही नाही. तो फक्त वाट बघत होता; ही बाई म्हातारी झाली वाटतं, एवढंच त्याच्या मनात असावं. एक वाटी तिनं सहा घोटांत प्यायली. दालुपानची माणसं तिच्या पाठीशी गुडघ्यांवर पुढे सरकली होती. आमच्यातला एकही माणूस हलला नाही. क्रिसांतानं अंगावरच्या कापडाचं टोक दातात धरलं होतं.

वाटी संपली. आणखी काही करता येण्यासारखं नव्हतं.

"ऐकलं," गुनायोन म्हणाली. आणि लगेच चुलीची वाटी उचलून एका दमात संपवली. "ऐकलं."

सोळा नावं झाली. दालुपाननं आरोळी ठोकली. आमच्याकडच्या काही पोरांनीही ठोकली, त्यांना मोजता येत नव्हतं. आपो खाली बसला, घामानं न्हालेला, आणि लहान मुलासारखा क्रिसांताकडे वळला.

"एकही सुटलं नाही ना गं?"

"नाही, आमा," क्रिसांता म्हणाली. "एकही नाही."

रिवाजाप्रमाणे दालुपाननं तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या सकाळी खालच्या अंगाचा पाट कोरडा पडला. रोपं नुकतीच लावून झाली होती. भातखाचरात पाणी घोट्याएवढं होतं, दुपारपर्यंत चिखल दिसायला लागला. तरुण पोरं सुऱ्या घेऊन गोळा झाली. आणि त्यांच्या पुढे, भिंतीवरची बापजाद्यांची कुऱ्हाड खांद्यावर टाकून, आपो सागमायो.

"करार मोडला त्यांनी," तो म्हणत होता. "चार दिवस झाले नाहीत. मी धारक आहे. मी पुढे."

पोरांना याहून जास्त काय हवं होतं? कराराचा धारकच पुढे चाललाय म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत दोन्हीकडची पाच-दहा माणसं तरी आडवी झाली असती. मी गुडघे सांभाळत धावलो आणि कपारीच्या वाटेवर त्याच्यासमोर आडवा उभा राहिलो.

"आपो, त्यांनी करार मोडला नाही."

"पाणी तोडलं आणि मोडला नाही?"

"तुम्ही लोयान म्हणाला नाहीत."

"बाजूला हो."

"म्हणाला नाहीत, आपो. मी मागेच बसलो होतो."

त्यानं मान वळवली. क्रिसांता धापा टाकत येऊन पोचली होती. "हा शाईवाला काय बडबडतोय? म्हणालो होतो ना मी?"

तिनं नुसतं तोंडावर हात ठेवला.

मग त्यानं तिथेच, वाटेवर, कुऱ्हाड टेकून नावं म्हणायला सुरुवात केली. एक नाव झालं की तो पायाजवळ एक खडा टाकत होता. कपारीचा खडा पडला. त्यानंतर चुलीचा. आवाज अजिबात अडखळला नाही. नदीपर्यंत पोचला आणि खाली वाकून खडे मोजू लागला. दोनदा मोजले. सोळा.

"एक कुठे गेला?" त्यानं विचारलं. कोणाला म्हणून नाही.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, आपो, कागद माझा. शब्द तोंडापर्यंत आलेही. पण भोवती वीस पोरं सुऱ्या घेऊन उभी होती, आणि मी स्वतःला समजावलं की आता कारण सांगितलं तर पोरं म्हणतील, मग ते म्हणणंच खोटं, चला. हे कारण खरं होतं. मी ते इतक्या पटकन शोधून काढलं, एवढंच त्यात वाईट.

आपोनं पोरांना मागे फिरवलं. एकानं विरोध केला तर त्याला एवढंच म्हणाला, "धारक मी आहे. पुढे आलास तर पहिला घाव माझा, तुझ्यावर." मग तो एकटा झऱ्याकडे चढला. क्रिसांता आणि मी मागून.

लोयानपाशी दालुपानची दहाएक माणसं दगड रचून पाणी आपल्या बाजूला वळवत होती. गुनायोन एका दगडावर बसली होती. आपोला बघून ती उठली.

"मी थांबले होते, आपो."

"कळलं. आता कळलं."

"यापेक्षा हळू पिता येत नाही. पाठीमागे सगळं गाव होतं."

"चांगली थांबलीस," आपो म्हणाला. "तुझा बाप एवढा थांबला नसता."

तिला रडू आलं असावं, पण ती आमच्यासमोर रडणाऱ्यातली नव्हती. आपो बांधाकडे गेला, वाकला, बघू लागला. बांध घाईत घातलेला होता. दोन दगडांमधून पाण्याची करंगळीएवढी धार अजून फाग्योनकडे झिरपत होती.

"हे काय काम?" तो दालुपानच्या माणसांवर खेकसला. "अर्धं पाणी आमच्याकडे येतंय. बोलतील लोक की सागमायोनं शब्द दिला आणि पाणी चोरलं."

त्यानं कुऱ्हाड बाजूला ठेवली, हातानं चिखल खणला आणि फटीत भरला. वर एक चपटा दगड ठोकून बसवला. धार बारीक झाली, मग थेंब थेंब झाली, मग बंद. तो कोपरापर्यंत ओला झाला होता. क्रिसांता खाली आपल्या सात खाचरांकडे बघत उभी होती.

त्यानंतर आपो फारसा बोलला नाही. रोपं पिवळी पडली, ती उपटून बायकांनी खाचरांत रताळी लावली. तो ओसरीवर बसून सकाळभर ओठ हलवायचा आणि एका जागी थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. ऑगस्टमध्ये गेला. आमच्या रीतीप्रमाणे त्याला खुर्चीत बसवलं, तोंड धारेकडे करून, आणि गावानं दोन दिवस त्याच्याशी गप्पा मारल्या. गुनायोन आली, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि दालुपानला भात कसं आलंय हे सोडून बाकी सगळं त्याला सांगितलं.

ती गेल्यावर मी क्रिसांताजवळ बसलो. म्हटलं, "कागदात लोयान नव्हता. चूक माझी."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"वाटी हळूहळू रिकामी होत होती तेव्हापासून." ती मेलेल्या बापाच्या गुडघ्यावरची माशी हाकलत होती. "मनोंग, मी त्या झऱ्याच्या पाण्यावर पन्नास वर्षं भात खाल्लाय. बारा दिवस ती नावं म्हटली आणि माझ्या लक्षात आलं नाही. नुसतं तेवढंच असतं तरी चाललं असतं. चौथ्या दिवशी आमा अडला. कपारीपाशी. म्हणाला, थांब पोरी, इथे काहीतरी ओलं आहे. मी टोपलीत कागद बघितला. म्हटलं, नाही आमा, पुढे चूल. तो म्हणाला, नाही, इथे काहीतरी आहे. मी म्हटलं, चूलच. तीनदा म्हटलं. मग तो म्हणाला, बरं."

मी दुसऱ्या गुडघ्यावरची माशी हाकलली.

आता गंमत अशी, की धारकपण घराण्यात उतरतं, आणि घराण्यात क्रिसांताशिवाय कोणी नव्हतं. नवा धारक झाला की करार पुन्हा म्हणावा लागतो. काही तरुण तिला भेटून गेले. म्हणाले, तू तुझ्या तोंडानं लोयान म्हण, गुनायोन ऐकते की नाही ते बघू. क्रिसांतानं त्यांना कॉफी दिली आणि सांगितलं की आमाच्या तोंडातून जे गेलं ते गेलं. ते परत म्हणणं म्हणजे त्याला खोटं पाडणं, आणि पुन्हा डोकी कापणं. पोरं कॉफी अर्धी टाकून उठली. त्यांतला एक आता दालुपानमधल्या सासुरवाडीला जात नाही.

तर सध्या मी रोज सकाळी तिच्याकडे जातो. ती रताळी सोलते, मी समोर बसतो. कागद नाही. सोळा नावं आहेत, फार नाहीत. ती हुशार आहे, क्रम तिला दोन दिवसांत पाठ झाला. पण कपारीपाशी आली की तिची जीभ आपोआप झऱ्याकडे वळते. तिला कळतही नाही. काल असंच झालं. पातोक शिळा, पाइन, घळ, कपार, लोयान, चूल, सरळ नदीपर्यंत गेली, सतराच्या सतरा, बापासारखी खणखणीत, आणि सोलता सोलता थांबून माझ्याकडे बघितलं.

"बरोबर?"

"चूक," मी म्हटलं. "पहिल्यापासून घे."